भिरंडं थांबत नाहीत

आमचा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला दहा जणींचा स्वयंसहाय्य गट. भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं (वाळवलेली साल) आणि आगळ (मीठ घातलेला रस) करून विकायचं ठरलं तेव्हा वाटलं, अडेल ते पैशांवाचून. पण अडलं एका कागदावाचून, आणि ते आठवलं की आजही डोकं तापतं.

अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. आम्ही केली तेव्हा 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला फी वर्षाला फक्त 100 रुपये होती. अर्ज अर्ध्या तासात भरला. मग आला जागेचा पुरावा. आम्ही काम करायचो ते आमच्यातल्या काकींचं घर, मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पूर्वापार राहणाऱ्याचं. घरपट्टी वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर नाव भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. कार्यालयात म्हणाले, भाटकाराची ना हरकत आणा. भाटकार मुंबईला. पुढच्या खेपेला खिडकीवर दुसरीच बाई. ती म्हणाली, आधी घरपट्टी नावावर करा. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. अशा पाच खेपा, दर खेपेला दोघींचा दिवस मोडला.

इकडे मे उजाडला, अंगणात भिरंडांचा खच. साल काढायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा रसात. असं चार-पाच दिवस. मध्येच पाऊस आला तर बुरशी धरते. पाकिटावर नोंदणी क्रमांक नाही म्हणून दुकानदार माल ठेवून घेईना. काकी रोज तिन्हीसांजेला सोलं चाचपायच्या आणि आभाळाकडे बघायच्या.

शेवटी गटातल्याच एकीच्या लक्षात आलं की तिच्या घराचं वीजबिल तिच्याच नावावर आहे. तिचं संमतिपत्र करून घेतलं आणि चुलीपासून बरण्यांपर्यंत सगळं तिच्याकडे हलवलं. आठ दिवसांत नोंदणी हातात आली. हा मार्ग पहिल्याच दिवशी कुणी सांगितला असता तर अर्धा हंगाम वाचला असता.

म्हणून सांगते, जागेचे कागद जानेवारीतच बघा. आणि हो, गटाची वही कधीच मागे पडू देऊ नका: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. बँकेत साहेबांनी आधी वहीच चाळली. आम्ही गेलो तेव्हा केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत सभासदामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळत होतं, तिथेही वही लागलीच. लिज्जतच्या सात जणींनी 1959 साली 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली होती. थोड्या पैशांत उभं राहता येतं, हे आम्हीही अनुभवलं.

काकींनी आता मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नोंदणीचा अर्ज दिलाय. 1975 च्या मुंडकार कायद्याने तो त्यांचा हक्कच आहे. नोंद झाली की चूल परत त्यांच्या अंगणात न्यायची, असं आम्ही बैठकीच्या वहीत लिहून ठेवलंय.