भांडी न घासणारी देवी

रविवार, २१ डिसेंबर

पोटऱ्या बोलतायत. मघाशी दूध आणायला खाली गेले तर कठडा धरून, आडवी होत, एकेक पायरी उतरावी लागली. तरी झोपायच्या आधी लिहून ठेवते, नाहीतर उद्या ऑफिसात कुणी विचारलं की ‘मस्त झालं’ म्हणेन आणि विषय तिथंच संपेल.

भाचीचं दिवाळीपासून टुमणं होतं, ‘मावशी, एकदा तरी कळसूबाईचा सूर्योदय बघ.’ काल रात्री कसारा लोकल पकडली, पुढे जीप. घोटी मागे पडली तेवढ्यात घरून फोन. मिक्सरचं चटणीचं भांडं कुठंय? रात्री साडेबाराला कुणाला चटणी लागते, हे मी विचारलं नाही. सिंकखालच्या कप्प्यात, म्हटलं, डाव्या हाताला.

दोन वाजता बारी गावातून चढायला लागलो. लोक तीन-साडेतीन तासांत वर जातात म्हणे. मला साडेचार लागले. १,६४६ मीटर. शाळेत ‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर’ या रिकाम्या जागेत हे नाव इतक्यांदा भरलंय, पण ते चढायचं असतं असं कधी डोक्यात आलं नव्हतं. शिड्यांचं मात्र खरंच भ्या वाटलं. उंचीचं नाही, थंडीचं. लोखंड इतकं गार की पकडलेला हात सोडवताना कातडी तिथंच राहील असं वाटावं. शेवटी पायमोजे हातात घातले. भाची हसली, मग तिनेही घातले. वरच्या शिडीपाशी वीस मिनिटं रांग, आणि मागे कुणाच्या तरी पाठीवर स्पीकर, त्यावर लग्नातली गाणी. शनिवारची रात्र निवडली ही आमचीच चूक.

माथ्याच्या अलीकडे विहीर आहे, तिथं एक आजी चुलीवर चहा करत होत्या. एवढ्या वर, त्या अंधारात. आम्ही टेकलो. म्हटलं, देवी इतक्या उंच का येऊन बसली?

‘रागावली ना ती,’ आजी म्हणाल्या.

कळसू म्हणून पोर होती, कोळ्याची. फिरत फिरत इंदोऱ्याला आली, पाटलाच्या घरी कामाला राहिली. अट एकच. बाकी पडेल ते काम करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एकदा घरात पाहुणे फार झाले आणि पाटलाने तिला दोन्ही करायला लावलं. तिने केलं. मग उठली आणि डोंगर चढून गेली, ती परत खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा.

हे सांगताना आजी चहाचं पातेलं घासत होत्या. मूठभर माती, थोडी राख, बोटांनी कडेकडेने. पाणी जपून, दोनच ओंजळी. पातेलं उजेडाकडे तिरकं धरून बघितलं, एका ठिकाणी मन भरलं नाही, पुन्हा घासलं. मी काही बोलले नाही. चहा फार गोड होता, दोन घेतले.

वर देऊळ एवढंसं, आत तीन-चार माणसं कशीबशी मावतील. साडेसहाला पूर्वेला फटफटायला लागलं आणि सगळी गर्दी त्या बाजूला, मोबाईल उंच करून. सात वाजून गेल्यावर सूर्य आला. लाल, जरासा चपटा, बारीच्या पलीकडच्या धुक्यातून. छानच होता. पण भाचीने खांद्याला धरून मला उलटं फिरवलं, ‘मावशी, इकडे.’

पश्चिमेला, इगतपुरीच्या अंगाला, धुरकट हवेवर एक निळा त्रिकोण पडला होता. टोकदार, पार क्षितिजापर्यंत. कळसूबाईची सावली! डोंगर कसाही ओबडधोबड असो, सावली लांबवर जाताना रेल्वेच्या रुळांसारखी निमुळती होते, म्हणून त्रिकोणच दिसतो, असं भाचीने सांगितलं. त्या टोकाशी कुठेतरी आपलीही सावली असणार, म्हणून मी हात हलवून पाहिला. अर्थात काही हललं नाही. सूर्य वर येईल तसा तो त्रिकोण आखडत आमच्याकडे सरकत होता. डावीकडे अलंग, मदन, कुलंग एकामागे एक उजळले, मग रतनगड, आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी, आधी शिशासारखं, मग एकदम पांढरं. हरिश्चंद्रगड कुठला ते भाचीने तीनदा दाखवलं, मी तीनदा हो म्हटलं.

मग देवळात गेले. ओटी आणली नव्हती. पिशवीतली खडीसाखर ठेवली. देवीचा चेहरा शेंदराखाली शांत दिसत होता. राग कधीच गेला असावा, नाहीतर मुरला असावा.

बाहेर आले आणि फोनला रेंज आली. पाच वाजून चाळीस मिनिटांचा मेसेज: ‘कुकरची रिंग सापडत नाहीये.’

फ्रीजवर, निळ्या डब्यात. मी टाईप केलं. देवळाकडे पाठ करून केलं.