खरवडायचं नाही!

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तशी रस्त्याकडेची जुनी घरं पडायला लागली. रंगवलेले खांब, दारावरच्या कोरीव गणेशपट्ट्या लोक चुलीत घालत होते. मी, आमचे सुतारमामा, भाड्याचा टेम्पो आणि चिपळुणात वाशिष्ठी नदीजवळ एक गोडाऊन, एवढ्यावर जुने दरवाजे-खांब उतरवून, रंग न खरवडता विकायचा धंदा उभा राहिला. घर उतरवताना मामा आधी जुन्या सुताराच्या खुणा शोधायचे. कुसवावर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकावर, पटाशीचे तीन टाचे, तर खाचेच्या तोंडाशीही तीन, म्हणजे जोडी तीच. खुंटी ठोकून काढली की चौकट आपसूक सुटते. पहार लावणाऱ्या पोराला मामा दुसऱ्या दिवशी कामावर घ्यायचे नाहीत.

पुढची वर्षं बरी गेली.

22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी गोडाऊनच्या माळ्याला टेकलं. माळ्यावरचे नऊ दरवाजे तेवढे वाचले. चिखल धुतला तेव्हा कळलं, तेलरंग जागेवर आहे, पण चुन्यातला आणि डिस्टेंपरचा रंग वाहून गेलाय. सागवान तगलं, फणसाच्या फळ्या फुगल्या. श्रावणात मध्येच ऊन पडायचं, जो तो म्हणे उन्हात घाला. मामांनी एक फळी घातली. संध्याकाळपर्यंत तडकली! मग मध्ये पट्ट्या घालून सगळा माल सावलीत रचला आणि वाट बघत बसलो. बँकेचा हप्ता काही वाट बघत नव्हता.

तेव्हा आमच्याच धंद्यातले एक गृहस्थ आले. नाव लिहीत नाही, वाचतील तर ओळखतील. "भिजका माल, सरपणाच्या भावाने देतोस का?" दिले. चाळीस दरवाजे. त्यांनी ते कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवले, तीन पिढ्यांचा रंग सोलला, वर चकचकीत पॉलिश मारलं आणि फार्महाऊसवाल्यांना 'अँटिक' म्हणून विकले. त्यातले दोन मी नंतर पाहिले. सांधे ढिले, लाकडाला लव सुटलेली, पॉलिशखालून पांढरा क्षार फुललेला. तरी गिऱ्हाईक मलाच विचारतं, त्यांच्याकडे छान गुळगुळीत मिळतो, तुमच्याकडे पोपडे का?

विचारलं नाहीत तरी सांगतो. जुन्या तेलरंगात बहुतेक वेळा शिसं असतं. त्याच्यावर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, ती धूळ पोटात जाते. सुटे पोपडे ओल्या फडक्याने टिपा, वर लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्या. लहान मूल असलेल्या खोलीत असलं काही नकोच. आणि चिऱ्याच्या भिंतीला दरवाजा चिकटवून उभा करू नका, मागे दोन बोटं वारा खेळला पाहिजे. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वाळवी.

आमचं पहिलं गिऱ्हाईक गुहागरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. माजघराचा हिरवा दरवाजा त्यांनी पलंगाच्या उशाशी बसवलाय. कडीखाली जिथे पिढ्यानपिढ्या हात घासला, तिथे हिरव्याखाली निळा, निळ्याखाली लाल, आणि मधोमध रुपयाएवढं उघडं सागवान. पुरानंतर बाईंचा फोन आला. "दरवाजा घेऊन जा. दुकानात दाखवायला काहीतरी नको का?"

सहा महिने तो आमच्या दारात उभा होता. 'विकणे नाही' अशी पाटी लावली होती, तरी येणारा प्रत्येक जण त्याचीच किंमत विचारायचा. त्या गृहस्थांनीही माणूस पाठवून विचारली.