राधानगरीचं वीजघर कुणी बघतं का?

जुलै लागला की कोल्हापूरच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, राधानगरी धरणाचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सुटलं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी इतके फूट इतके इंच. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे तर आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ. त्याच मेसेजच्या शेवटी एक ओळ असते की वीजगृहातून चौदाशे-पंधराशे क्युसेक विसर्ग सुरू, ती कोण वाचतंय!

दरवाजांचं कौतुक करायलाच पाहिजे, वादच नाही. सातही स्वयंचलित, बटण दाबायला माणूस लागत नाही, पाणी ठराविक पातळीला चढलं की उघडतात, उतरलं की मिटतात. शाहू महाराजांनी भोगावतीवर हे काम काढलं, मध्येच पैशाअभावी थांबलं, १९२२ ला महाराज गेले आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. 

पण मला आवडतं ते पायथ्याचं वीजघर. मूळची क्षमता ४.८ मेगावॅट, म्हणजे १.२ चे चार संच. कोयनेच्या १९६० मेगावॅटपुढं हे काहीच नाही, मान्य, पण कोयनेचं बरंचसं पाणी वीज करून सह्याद्रीपलीकडं कोकणात उतरतं आणि इथलं पाणी टर्बाइन फिरवून परत भोगावतीतच येतं, मग खालचे कोल्हापुरी बंधारे भरत भरत उसाला, गावांच्या नळाला आणि पुढं पंचगंगेला. शेतीसाठी पाणी तसंही सोडायचंच असतं ना, ते जाता जाता वीज करून जातं, म्हणजे एकाच पाण्याचे दोनदा पैसे वसूल, आणि एवढं सगळं ८.३६ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) धरणात, शेजारचं काळम्मावाडी धरण याच्या तिप्पट आहे.

दरवाजे पावसाळ्यातले मोजके दिवस उघडतात, तेवढ्यात सगळे रील काढून मोकळे. एप्रिलमध्ये नदीत जे काही वाहताना दिसतं ते बऱ्याचदा या वीजघरातून आलेलं असतं, पण तेव्हा क्युसेकचा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही.