बिअरच तर घेतलीय ना?

गटारी जवळ आली की आमच्या ठाण्याच्या ग्रुपवर एकच चर्चा, पोलीस कुठे उभे असतील, येऊरच्या पायथ्याला की माजिवड्याला की घोडबंदरला. यावेळी त्यात एकाने टाकलं की आपल्याकडे ड्रायव्हरसाठी दारूचं लिमिट अजून खाली आणायला पाहिजे, परदेशात बघा किती कडक असतं.

बघू की मग परदेशातलं. इंग्लंडमध्ये १०० मिली रक्तात ८० मिलीग्रॅम अल्कोहोल चालतं, १९६७ पासून. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे ३०. म्हणजे कागदावर आपण गोऱ्यांच्या निम्म्याहून खाली आहोत आणि तरी पामबीचवर रात्री गाड्या कशा पळतात ते सानपाडा-नेरूळवाल्यांना विचारा.

खरा घोळ म्हणजे ३० म्हणजे नेमकं किती हे कुणालाच माहीत नाही. आमच्यातले अर्धे 'मी फक्त बिअर घेतो' म्हणून चावी हातात घेतात. अरे बाबा, ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्केवाली, हिच्यात ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीचे दोन लार्ज पेग घेतलेस तरी साधारण तेवढंच जातं पोटात! ७० किलोच्या माणसाने उपाशीपोटी एक लार्ज मारला तरी तो ३० च्या वर जाऊ शकतो, आणि लिव्हर आपल्या चालीनेच काम करतं, ब्लॅक कॉफी पाजा नाहीतर लिंबूपाणी, काही फरक पडत नाही. त्यामुळे आकडा शून्य केला तर माझी हरकत नाही, निदान टेबलावर बसून 'एवढं चालतं रे' हा हिशोब तरी बंद होईल.

पण नुसत्या आकड्याने अपघात थांबतील असं वाटत असेल तर स्कॉटलंडचं बघा. त्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ८० चं ५० केलं, नंतर अभ्यास झाला तर अपघात कमी झालेले दिसलेच नाहीत, आणि त्याचं एक कारण असं सांगितलं गेलं की रस्त्यावरची तपासणी काही वाढली नव्हती. आता अमेरिकेत युटा राज्याने २०१८ च्या शेवटी हाच बदल केला आणि तिथे पुढच्या वर्षी जीवघेण्या अपघातांचं प्रमाण घटलं, हेही खरं. म्हणजे लिमिट उतरवणं फुकट जातं असं मी म्हणत नाहीये.

माझं म्हणणं एवढंच की आपली नाकाबंदी कॅलेंडर बघून लागते. गटारी, होळी, थर्टी फर्स्ट. त्या दिवशी सगळे शहाणे, कुणी ड्रायव्हर बोलावतं, कुणी मित्राकडेच झोपतं. पण साध्या बुधवारी रात्री बारमधून निघणाऱ्याला कोण अडवतंय? २०१९ नंतर पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही, हे सगळ्यांना पाठ आहे, पण पकडले जाऊ असं कुणालाच वाटत नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने १९८२ मध्ये संशय असो नसो, कुणालाही थांबवून फुंकायला लावायचं सुरू केलं, तसं काहीतरी पाहिजे. कधी तीन हात नाका, कधी बेलापूर, वार न ठरवता. आणि फुंकायचं मशीन चालू असलेलं, प्लीज.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर खाली पहिला रिप्लाय, 'ते सोड, येऊरला येतोयस का?'