अठरा इनिंगची रात्र आणि सांगलीतलं जेवण

आमची टीम हरली. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काय झालं ते बघायला कुणी घाईघाईने खाली जायला नको.

टीम म्हणजे टोरंटो ब्लू जेज, बेसबॉलची. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० टीम, त्यातली कॅनडातली ही एकच, त्यामुळे ऑक्टोबर आला की ती टोरंटोची राहतच नाही, व्हँकुव्हरपासून हॅलिफॅक्सपर्यंत सगळ्यांची होते. १९९२ आणि १९९३ ला लागोपाठ वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकलेली आणि त्यानंतर ३२ वर्षं फायनलचं तोंड बघितलेलं नव्हतं. २०२४ ला तर आमच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात, पार तळाला होतो. आणि २०२५ ला तीच टीम ९४ मॅच जिंकून वर, न्यूयॉर्कची यँकीज पण ९४ च, पण आपसातल्या मॅच आम्ही जास्त जिंकलेल्या म्हणून पहिला नंबर आमचा. १६२ मॅच खेळून शेवटी असं केसाच्या अंतरावर ठरतं, बोला आता.

मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. घरी सांगलीला फोनवर सांगताना बाबांना पहिला प्रश्न हाच पडला की एकदा जिंकलं की झालं ना, परत परत त्याच टीमशी का खेळतात. तर आमची पहिली सिरीज पाचातल्या तीन मॅच जिंकायची, पुढच्या दोन्ही सातातल्या चार. क्रिकेटच्या वर्ल्ड कपात नॉकआउटला एका दिवसात काय तो निकाल लागतो, रडायचं तर एकदाच रडायचं. इथे आज जिंकलं की रात्रभर उड्या, उद्या हरलं की ऑफिसात तोंड पाडून बसायचं आणि परवा परत टीव्हीसमोर हजर, असं महिनाभर. मला वाटतं या खेळाचं खरं व्यसन याच्यातच आहे.

यँकीजना तर पहिल्या दोन मॅचमध्ये धुतलंच, १०-१ आणि १३-७. दुसऱ्या मॅचमध्ये व्लॅडीने, म्हणजे व्लादिमीर गरेरो ज्युनिअरने, ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे तिन्ही बेसवर, रन काढतानाच्या टप्प्यांवर, आपली माणसं असताना होम रन, आपल्या सिक्ससारखा, एका फटक्यात चार रन. याचे वडीलही मोठे खेळाडू, ते मॉन्ट्रियलच्या टीमकडून खेळायचे तेव्हा हा तिथे जन्मला, म्हणून इथल्या लोकांना तो जरा जास्तच आपला वाटतो. तिसऱ्यात ६-१ पुढे असताना हरलो, ते सोडून देऊ. चौथी जिंकली, यँकीज घरी.

पुढे सिअ‍ॅटल. ही सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेली आणि सातवी मॅच कधी, तर २० ऑक्टोबरला, इकडची दिवाळी त्याच दिवशी. आमच्या मिसिसागातच, टोरंटोच्या शेजारी, एका मैत्रिणीकडे फराळाला जमलो होतो, साडी नेसलेल्या बायका, झब्ब्यातले पुरुष आणि निम्म्यांच्या अंगावर वरून निळी जर्सी. पूजा लवकर उरकली, कारण आठला मॅच. सातव्या इनिंगला आम्ही ३-१ मागे, दोन जण बेसवर, बॅटिंगला जॉर्ज स्प्रिंगर. वय ३६, दोन मॅच आधी गुडघ्यावर बॉल बसलेला, तो माणूस त्याच गुडघ्यावर उभा. आणि मारला होम रन. तीन रन, ४-३. माझ्या हातातली चकली कुठे गेली ते मला आजतागायत माहीत नाही, मैत्रिणीची सासू, जिला बेसबॉलचा ब कळत नाही, ती सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवत होती. बाहेर फटाके वाजत होते, त्यातले लक्ष्मीसाठी किती आणि स्प्रिंगरसाठी किती, काही कळायला मार्ग नाही.

आणि मग वर्ल्ड सिरीज, समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. आधीच्या वर्षीचे चॅम्पियन, पैसा अफाट, त्यात ओहतानी, बॉलही टाकणारा आणि बॅटिंगही करणारा जपानी स्टार. इकडे कॅनडा अमेरिकेचं टॅरिफवरून वाजलेलं, आमच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने अमेरिकेचे माजी अध्यक्ष रेगन यांचं जुनं भाषण वापरून जाहिरात केली, त्यावरून ट्रम्पनी व्यापाराची बोलणीच थांबवली आणि ती जाहिरात पहिल्या मॅचलाही लागली. म्हणजे नुसता खेळ राहिला नव्हता. ती मॅच ११-४ जिंकली तेव्हा युनियन स्टेशनवर गो ट्रेनसाठी उभी असलेली गर्दी ऐकायला हवी होती, अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देत होती, एरवी या शहरात लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

दुसरी हरलो. तिसरी मॅच मात्र वेगळीच. लॉस एंजेलिसला होती, आमच्याकडे रात्री आठला सुरू, म्हणजे सांगलीत पहाटे साडेपाच. बाबा तोवर पक्के अडकले होते, चहा घेऊन फोनवर स्कोअर बघत बसायचे आणि मला मेसेज टाकायचे. नऊ इनिंगची मॅच, ५-५ वर अडली. या लीगमध्ये बरोबरी नसते, निकाल लागेपर्यंत खेळायचं. दहावी, अकरावी, बारावी. बाबांचा मेसेज, आंघोळ करून येतो. परत आले तरी ५-५. ओहतानीला बॉल टाकायचीच सोय नव्हती, आधी दोन होम रन, दोन डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके, मारून बसलेला, मग आमचे लोक त्याला मुद्दाम बेसवर सोडून द्यायला लागले, त्या रात्री तो नऊ वेळा बेसवर गेला. बाबांची पूजा झाली, पोहे झाले, विश्रामबागेत जाऊन भाजी आणून झाली. आमच्याकडे रात्रीचे अडीच वाजून गेलेले, नवरा केव्हाच झोपलेला, मी आवाज बंद करून बसलेली. अठराव्या इनिंगला डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने होम रन मारला आणि संपलं. सहा तास ३९ मिनिटं. बाबांचा मेसेज आला, हरलात का, बरं मी जेवायला बसतो.

अशी मॅच हरल्यावर टीम मोडते असं सगळे म्हणत होते. आमची नाही मोडली. चौथी जिंकली आणि पाचवी तर अशी की पहिले दोन बॅट्समन, दोघांचेही होम रन. ट्रे येसॅव्हेज नावाचा २२ वर्षांचा पोरगा, सीझनच्या सुरुवातीला बऱ्याच खालच्या लीगमध्ये होता, सप्टेंबरात वर आला आणि डॉजर्सच्या बॅट्समनना त्याने १२ वेळा स्ट्राइक आउट केलं, म्हणजे बॉल मारूच न देता बाद. ३-२ पुढे. दुसऱ्या दिवशी मॅच नव्हती, जरा झोपावं म्हटलं, तर पहाटेपासून महिला क्रिकेट वर्ल्ड कपची सेमीफायनल आणि आपली जेमिमा नाबाद १२७. झोप कसली घेताय.

सहावी हरलो, ३-१. शेवटचा आउट आमचा बार्जर, सेकंड बेसवरून फार पुढे आला होता, कॅच झाला आणि परत पोचायच्या आत बाद. हे लक्षात ठेवा.

सातवी, १ नोव्हेंबर, आमच्या स्टेडियममध्ये. तिकिटांचे भाव विचारू नका, घरीच बघितली. आमच्या बो बिशेटने, दुखऱ्या पायावर, ओहतानीच्या बॉलवर तीन रनचा होम रन मारला. नवव्या इनिंगला ४-३, फक्त दोन आउट हवेत. आणि डॉजर्सचा मिगेल रोहास, ज्याच्याकडून कुणालाच भीती नव्हती, त्याने होम रन मारला. ४-४. तरी नवव्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, आमच्या बॅटिंगला, आम्हाला संधी होती, तिन्ही बेस भरलेले, एक आउट. आमच्या वार्शोने जमिनीवरून मारला, रोहासने तोल जाता जाता होमकडे, म्हणजे जिथे पोचलं की रन होतो तिकडे, फेकला, थर्ड बेसवरचा आमचा काइनर-फलेफा घसरत आला आणि काही इंचांनी आउट. अकराव्यात डॉजर्सच्या विल स्मिथचा होम रन, ५-४. शेवटी आमच्या कर्कची बॅट तुटली, डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आउट, संपलं. आदल्याच रात्री सहा इनिंग टाकलेला त्यांचा यामामोटो परत येऊन शेवटचे आउट घेऊन गेला, त्याला खरंच मानलं.

बारा वाजून गेले होते. त्याच रात्री इकडे घड्याळं एक तास मागे घेतात, म्हणजे हरल्याची रात्र वर एक तास लांब.

सकाळी साडेसहाला नवी मुंबईची फायनल सुरू झाली, पावसाने उशीर झालेला म्हणून निदान तेवढी तरी झोप मिळाली. सुजलेल्या डोळ्यांनी शफालीचे ८७ बघितले, आमच्या सांगलीच्या स्मृतीचे ४५, मग दीप्तीच्या पाच विकेट. ५२ रननी जिंकलो, भारताच्या बायकांचा पहिला वर्ल्ड कप. आनंद झाला, खूप झाला, पण आदल्या रात्रीचं काही भरून वगैरे आलं नाही, दोन्ही आपापल्या जागी राहिलं.

लगेच बाबांचा फोन. मागे सांगलीत फटाके ऐकू येत होते. मला वाटलं स्मृतीबद्दल बोलतील. तर म्हणाले, अगं तो थर्डवरचा पोरगा बेसला इतका चिकटून का उभा होता? आमच्या क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर बॉल सुटताच दोन पावलं पुढे असतो, बॅकिंग अप शिकवत नाहीत का तुमच्याकडे?

मी सांगितलं की कोचनीच त्याला जास्त पुढे जाऊ नको म्हटलं होतं, त्याने स्वतः सांगितलंय, आदल्या मॅचला बार्जर तसाच आउट झाला होता ना. बाबांना पटेना. ते म्हणाले, लाइन ड्राइव्ह, सरळ हवेतून कॅचला जाणारा फटका, दहात एकदा येतो, जमिनीवरून बॉल रोज येतो, हिशेब कुणी केला? आणि खरं सांगायचं तर मलाही पटलेलं नाही, पण त्यांच्यासमोर मी कोचचीच बाजू घेतली. वीस मिनिटं भांडलो. शेवटी आईने फोन ओढून घेतला आणि विचारलं, स्मृतीचा तो कव्हर ड्राइव्ह बघितलास का?