बॅरी सँडर्सचा पुतळा
आज डेट्रॉइटला फोर्ड फील्ड स्टेडियमबाहेरचा बॅरी सँडर्सचा पुतळा अखेर पाहिला. हा अमेरिकन फुटबॉलमधला बॉल घेऊन धावणारा खेळाडू, म्हणजे रनिंग बॅक. बराच वेळ तिथून हलवेना.

ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या टीममध्ये आधी त्याला थर्मन थॉमस या दुसऱ्या रनिंग बॅकच्या मागे थांबावं लागलं. १९८८ ला संधी मिळाली आणि पठ्ठ्याने ११ सामन्यांत २,६२८ यार्ड धावून काढले! कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळणारच होती. मग एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये डेट्रॉइट लायन्सकडून १० सीझन, १५,२६९ यार्ड. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. धिप्पाड गडी अंगावर झेपावायचे, तोवर हा भलतीकडूनच निसटलेला असायचा.

मला सगळ्यात भावतं ते त्याचं वागणं. टचडाउन झाला, म्हणजे बॉल गोलरेषेपार नेला, की बॉल सरळ रेफरीच्या हातात. पहिल्याच सीझनला लीगमध्ये सर्वाधिक रशिंग यार्डांचा (बॉल घेऊन धावून काढलेल्या यार्डांचा) मान फक्त १० यार्डांनी हुकला. शेवटचा सामना जिंकल्यात जमा होता, म्हणून हा परत मैदानात उतरलाच नाही!

१९९९ ला वॉल्टर पेटनचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक रशिंग यार्डांचा विक्रम फक्त १,४५७ यार्ड दूर असताना तो रिटायर झाला, तेही आपल्या गावच्या पेपरला फॅक्स पाठवून. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, उभ्या कारकिर्दीत एकच विजय. खरं सांगते, इतक्या गुणी खेळाडूला याहून भक्कम टीम मिळायला हवी होती.