चाळीसगाव ते पाटणादेवी, सायकलवर

श्रावणात पहाटे साडेपाचला निघालो. चाळीसगावहून पाटणादेवी जेमतेम 18 किलोमीटर, पण मी तीन तास लावले. दोन्ही बाजूंना कपाशी फुललेली; आज उमललेलं फूल पिवळं, कालचं गुलाबी, एकाच झाडावर दोन्ही. बांधावरच्या आजोबांनी विचारलं, "कथा चालना रे भाऊ?" (कुठे चाललास रे भाऊ?) अहिराणीतली ती हाक मला फार आवडते.

पुढे बाभळीच्या काट्याने मागचं चाक बसलं. (पंक्चरचं सामान जवळ ठेवाच.) मग सातमाळा डोंगररांगेचे हिरवे कडे आणि डोंगरी नदीचा आवाज. इथल्याच शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद आहे. देवळाच्या पायरीशी सायकल टेकवून कळण्याची भाकरी, ठेचा खाल्ला.